नकाशात नसलेली चाकं

पायलट लहानू लढाईवर गेला, तेव्हा त्यानं अर्धवट सोडलेलं हातानं फेकून उडवायचं लाकडी विमान त्याच्या वडलांनी, नत्थूजींनी पुरं करायला घेतलं. मासिकात छापलेल्या नकाशाबरहुकूम. आयुष्य हातमागावर विणण्यात गेलेला माणूस. नक्षीतला एक धागा कधी इकडचा तिकडे केला नव्हता. रेडिओवर न परतलेल्या विमानांची बातमी लागली, की ते मान खाली घालून पट्ट्या तासत बसत.

आज त्यांना विमानाच्या पोटाखाली लहानूच्या एनसीसीच्या वर्दीची पितळी बटणं दोऱ्यानं घट्ट बांधलेली दिसली.

"चाकं काहून लावली वं? नकाशात नाहीत ना! एवढ्या वजनानं हे उडनारच नाही."

लहानूच्या आईनं, भागीरथाबाईंनी रेडिओ बंद केला.

"उडनं राहू द्या जी. पोराले उतराले चाकं पायजे."