पापड भाजणारा कॉम्प्युटर

लग्नाची फिल्म तयार होता होता तिसऱ्यांदा सप्तपदीवर आली आणि कॉम्प्युटर तापून ठार बंद! स्टुडिओवाल्या केदारचे डोळेच पांढरे झाले. नवरी स्टुडिओत बॅगा घेऊन बसलेली, संध्याकाळी तिचं परदेशाचं विमान.

काम लवकर उरकावं म्हणून प्रोसेसरचा वेग केदारनेच वाढवला होता. सीपीयूचा डबा असा तापला, की मदतीला आलेल्या त्याच्या वहिनींनी गंमत म्हणून वर पापड ठेवला तर मेला टम्म फुलला! नवरीने तो खाल्लासुद्धा.

“भावोजी, सरका,” म्हणत वहिनींनी कॉम्प्युटर सुरू होतानाच सेटिंग उघडलं आणि वेग कंपनीने दिला होता तेवढाच करून टाकला.

“घात केलात वहिनी! आता हिची पोरं शाळेत जातील तेव्हा फिल्म होईल!”

वहिनी शेंगा सोलत बसल्या. डब्यातल्या पंख्याची घरघर थंडावली. सप्तपदी सरली, पाठवणी झाली, आणि पाऊण तासात फिल्म तयार!

केदारने आ वासला. “वहिनी, हळू चालून हा लवकर कसा पोचला?”

“वाटेत पडला नाही ना, म्हणून.”