इथे कोणी बुडत नाही

सासूबाई तिसऱ्यांदा तळ्यात पडल्या.

म्हणजे त्यांची बाहुली पडली. खऱ्या सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. गळ्याभोवती सुती रुमाल, समोर सुनेचा जुना लॅपटॉप. पडद्यावरच्या त्या गावात शिरलं की प्रत्येकाला एक बाहुली मिळते. बाणांच्या बटणांनी तिला चालवायचं आणि भेटेल त्याच्याशी लिहून बोलायचं. सुनेने सकाळीच सगळं जोडून दिलं होतं. पण सासूबाईंची बाहुली पुलाकडे वळवली की हमखास पाण्यात उतरायची.

त्यांनी लॅपटॉप मिटायला हात घातला.

"आई, थांबा. कोणीतरी आलंय."

काठावर पिवळ्या रेनकोटातली एक बाहुली उभी होती. डोक्यावर नाव होतं टिटवी. नावाखाली ओळ उमटली, 'घाबरू नका, इथे कोणी बुडत नाही. वरचा बाण दाबून धरा. मध्येच सोडू नका.'

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून बाण दाबून धरला. बाहुली पाण्यातून वर आली, काठ चढली आणि थेट टिटवीच्या अंगावर जाऊन धडकली.

'शाब्बास! आता बोला काहीतरी. खालच्या पांढऱ्या चौकटीत लिहायचं आणि एंटर दाबायचं.'

सासूबाई एका बोटाने अक्षरं शोधू लागल्या. सुनेला राहवलं नाही. "सरका, मी लिहिते पटकन. 'आभारी आहे', एवढंच ना?"

गळ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. घरात सगळे असेच मायेने वागायचे. पाटीवर त्यांचे दोन शब्द लिहून झाले की उरलेलं वाक्य दुसरंच कोणीतरी पुरं करायचं. "कळलं, कळलं." पुष्कळदा कळलेलं नसायचं.

सासूबाईंनी सुनेचा हात हलकेच बाजूला केला आणि लिहीत राहिल्या. चांगली चार मिनिटं गेली. 'आभारी आहे. पण हा पूल इतका अरुंद कोणी बांधला, त्याला माझ्यासमोर उभा करा.'

त्यांनी एंटर दाबलं आणि मग वर पाहिलं. टिटवी जागची हलली नव्हती. आधी खदखदून हसणारं एक तोंड उमटलं, मग ओळ. 'त्याच्याकडे मलाही जायचंय. मी पाच वेळा पडले होते.'

'तुम्ही गेला नाहीत?' सासूबाईंनी विचारलं.

'तुम्ही लिहीत होता ना. तुमच्या डोक्यावर तीन टिंबं हलत होती. माणूस बोलत असताना कसं निघून जायचं?'

सासूबाईंनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. सून उगाच टेबल पुसू लागली.

'आणि आपण काय करता?' टिटवीने विचारलं.

'बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. एकतीस वर्षं.'

'अरे वा! म्हणजे आवाज खणखणीत असणार!'

सुनेचा हात टेबलावर थांबला. सासूबाईंचं बोटही थांबलं. मग त्यांनी एकच शब्द लिहिला, 'होता.' आणि थोड्या वेळाने, 'आता गळ्याला भोक आहे.'

आता तीन टिंबं टिटवीच्या डोक्यावर हलली. थांबली. पुन्हा हलली.

'मग इथे तुमचं काहीच अडणार नाही. वळून बघा.'

सासूबाईंनी बाहुली वळवली. चौकात तीसेक माणसं उभी होती. कोणी भांडत होतं, कोणी थट्टा करत होतं, एक जण कोणाची तरी मनधरणी करत होता. सगळ्यांच्या डोक्यांवर ओळींमागून ओळी उमटत होत्या आणि आवाज एकाचाही नव्हता.

तेवढ्यात मोठ्या टोपीतला कोणी नवखा पुलावर आला, गोंधळला आणि पाण्यात गेला. सासूबाई ताठ बसल्या. बोट आता बरंच धावत होतं. 'लक्ष द्या. तळ्यात उतरलेल्या प्रवाशांनी वरचा बाण दाबून धरावा. मध्येच सोडू नये. पुलावरून जाताना उजव्या कठड्याला धरून चालावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

चौकातून टाळ्या उमटल्या. टोपीवाला निथळत काठावर आला.

सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. तिथून वाण्याकडे गेली, आणि परत आली तर टेबलावरचा चहा तसाच, साय धरलेला. सासूबाई दोन्ही हातांनी लिहीत होत्या. अचानक त्या थांबल्या, पडदा सुनेकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मोठ्याने वाच, अशी खूण केली.

सुनेने वाचलं, "टोपीवाला म्हणतो, 'बाई, तुम्ही फार बोलता हो! मला मध्ये एक शब्द तरी बोलू द्याल की नाही?'" तिचा चेहरा उतरला. "मनाला लावून घेऊ नका, आई. असतात एकेक माणसं."

सासूबाईंनी जोरजोरात मान हलवली. त्यांचे खांदे गदगदत होते. सुनेला वाटलं, रडताहेत. मग तिला त्यांचे डोळे दिसले. तिने ती ओळ पुन्हा वाचली, आपणहून, आणखी मोठ्याने. "तुम्ही फार बोलता हो!" वाचता वाचता तीही हसू लागली, आणि हसता हसता तिला शेजारची खुर्ची ओढून खाली बसावं लागलं.

सासूबाईंनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि टोपीवाल्याला लिहिलं, 'फार फार आभारी आहे. आता तुम्ही बोला. मी ऐकते.'