ओला ब्रश

अधिकाऱ्याने खिडकीतला दाढीचा ब्रश उचलला, त्याचे केस अंगठ्याने दाबले आणि अंगठा उजेडात धरला. अंगठा ओला होता.

"तुमचे सैनिक कधी गेले म्हणालात?"

"झाले की चार दिवस," काकू म्हणाली.

वाचनालयाची देखभाल काकू आणि तिचा नवरा करायचे आणि मागच्याच खोलीत राहायचे. पुढच्या मोठ्या दालनात महिनाभर आपली पलटण मुक्कामाला होती. रातोरात निघाली तेव्हा हाताला लागेल ते घेऊन गेली. बाकीचं सगळं मागे राहिलं: पत्र्याचे मग, दात पडलेले कंगवे, पत्त्यांचा कॅट, जोडीदार हरवलेला एक मोजा. शत्रूची माणसं गावात शिरली तेव्हा दोघांनी हे सामान वाचनाच्या लांब टेबलावर उघड मांडून ठेवलं. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. लपवायचं होतं ते माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे, तापाने फणफणत पडलं होतं. पायाला गोळी लागलेला तो पोरगा चालू शकत नव्हता, म्हणून पलटण त्याला काकूच्या भरवशावर सोडून गेली होती. तापात दाढी टोचते म्हणून कुरकुरत होता, तर सकाळी काकूनेच टेबलावरचा ब्रश घेऊन ती करून दिली. आणि मग जन्माच्या सवयीने ब्रश खळखळून धुऊन खिडकीत वाळत ठेवला. टापटीप अशी नडते.

"चार दिवसांत वाळला नाही?"

"यांचा आहे तो," काकू घाईने म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा."

"बोलवा त्यांना."

काकूने जीभ चावली, पण सुटलेला शब्द थोडाच परत येतो! एक शिपाई आत गेला आणि काकांना दंडाला धरून घेऊन आला. काकांची पांढरी दाढी छातीवर रुळत होती.

शिपाई फिस्सकन हसला. अधिकारी हसला नाही. त्याने ब्रश काकांच्या नाकासमोर धरला.

"हा तुमचा?"

काकांनी ब्रशकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. उभ्या संसारात, भाजीत मीठ कमी की जास्त, एवढ्यावरसुद्धा त्या दोघांचं कधी एकमत झालं नव्हतं.

"माझाच की," काका म्हणाले.

"याने दाढी करता, का पुस्तकं झाडता?"

"आज करायचीच होती, साहेब. तुम्ही येणार म्हटल्यावर वाटलं, जरा माणसात यावं. साबण लावला, ब्रश फिरवला, आणि वस्तरा धरायचा धीरच होईना. तोंड धुऊन टाकलं झालं."

अधिकाऱ्याने खुर्ची ओढली आणि आरामात बसला. "आता करा. मी थांबतो."

शिपायाने माळ्याच्या शिडीवर एक पाय टेकवला आणि साहेबाच्या इशाऱ्याची वाट बघत उभा राहिला.

सैन्यात गेलेल्या स्वतःच्या मुलाची आघाडीवरून खबर येणं थांबलं, तेव्हापासून काकांनी गालाला वस्तरा लावला नव्हता. पोरगा दारात उभा राहील त्याच दिवशी दाढी उतरवीन, हा त्यांचा हट्ट. लोकांनी चेष्टा केली, काकूने डोकं आपटलं, पण ते बधले नाहीत. पुढे पुढे काकूलाच त्या दाढीचा आधार वाटायला लागला. दाढी वाढतेय तोवर पोरगा कुठेतरी आहे, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिने कात्री, वस्तरा आणि गरम पाणी आणून ठेवलं. काकांनी दाढी मुठीत धरली आणि कात्री चालवली. केसांचा झुबका टेबलावर त्या पत्र्याच्या मगांशेजारी पडला. काकूला वाटलं, ओरडून सांगावं, वर आहे तो, न्या त्याला, पण यांना थांबवा! खरंच वाटलं तिला तसं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

माळ्यावरची फळी करकरली. शिपायाने मान वर केली.

"उंदीर," काकू म्हणाली. "कागद कुरतडतात मेले."

काकांचा हात थांबला नाही. उजवा गाल झाला, डावा झाला, मग हनुवटी. अधिकारी शेवटचा केस उतरेपर्यंत बसून राहिला. त्याची खात्री पटली की तो कंटाळला, कोण जाणे. त्याने ब्रश साबणाच्या पाण्यात टाकला आणि उठला.

"बरे दिसता," तो म्हणाला आणि शिपायाला घेऊन निघून गेला.

बुटांचे आवाज रस्त्यावर विरले तशी काकूने दाराला कडी घातली आणि ती तिथेच खाली बसली. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

"माझ्यापायी मोडलं हो तुमचं सगळं. त्या पोराला वाचवताना आपल्याच पोराला..." पुढचं तिला बोलवेना.

काका खिडकीच्या काचेत बघत होते. इतक्या दिवसांनी उघडा पडलेला गाल ते परक्याचा असल्यासारखे चाचपत होते.

"रडतेस कशाला?" ते म्हणाले. "तो गेला तेव्हा मी असाच होतो ना? त्या दाढीत त्याने मला ओळखलंच नसतं. आता लांबूनसुद्धा ओळखेल."