करंगळी

भाकरी थापता थापता निलव्वा मधेच थांबायची आणि पाणी झटकल्यासारखा हात झटकायची. माझ्या कडक भाकरीच्या कारखान्यात दहा बायका थापतात, पण ही नाटकं हिचीच.

"अक्का, बोटांना मुंग्या येतात हो," ती म्हणाली. "करंगळी तेवढी बरी आहे."

दुखणं काय बोटं निवडून धरतं? मागच्या गल्लीत नवा कारखाना निघालाय, तिकडे जायचा डाव असणार. तिने डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. वर्षानुवर्षं थापून मनगटातली नस दबलीय, महिनाभर भाकरी थापायची नाही. मी चिठ्ठी वाचली आणि पिठाच्या डब्याखाली सरकवली. असल्या चिठ्ठ्या मागाल तशा मिळतात.

"ऊठ. वीस वर्षं मी थापल्यात, मला नाही काही झालं," म्हणत मी तिच्या परातीपुढे बसले. सगळ्या बायका बघत होत्या, म्हणून जरा जोरातच थापायला लागले.

पंधराव्या भाकरीला बोटांना पिठाचा ओलावा कळेनासा झाला. नकळत मी हात झटकला.

थापण्याचे आवाज थांबले. निलव्वा माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "करंगळी?"

"बरी आहे," मी म्हणाले.