थोरलेपणाचा चमचा

चमचा कोणीच उचलेना.

"आधी ताईंनी घ्यावं," जोम-रेबाई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

"ताई कोण, मी?" माल-जाबाई हसल्या, पण दातांपुरत्याच. "तुमच्या आधी कशी घेऊ? मोठ्यांचा मान मला कळतो, ताई."

बाजारातल्या शेवयांच्या ठेल्यावर, दोघींच्या मधोमध बाकड्यावर ओयुना बसली होती. समोर शेवयांच्या तीन वाट्या वाफाळत होत्या. मंगोलियात दोन वर्षं कोरियन भाषा शिकून ती आठ दिवसांपूर्वी दक्षिण कोरियातल्या देगू शहरात आली होती आणि आज सकाळपासून या दोघींच्या रजयांच्या दुकानात कामाला लागली होती. ठेवायची की नाही, ते संध्याकाळी ठरणार होतं. इथे सासर असलेल्या मावशीने तिला एकच गोष्ट दहादा बजावली होती, "सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलेपर्यंत वाटीला हात लावायचा नाही. आधीच्या मुलीची नोकरी तेवढ्यावरून गेली."

पण सगळ्यात मोठं इथे कोणीच नव्हतं. मध्ये सरकारने कायदा करून जन्मताच एक वर्ष धरायची जुनी रीत मोडली आणि साऱ्या देशाचं वय वर्षा-दोन वर्षांनी उतरवलं. तेव्हापासून या दोघी ती सवलत दरवर्षी घेत होत्या.

"कागदावरचं वय खरं नव्हे," जोम-रेबाई म्हणाल्या. "वडिलांनी माझी नोंद दोन वर्षं आधीच करून टाकली होती."

"जन्मायच्या आधी? फारच दूरदृष्टीचे होते हो!"

"अगं बायांनो," शेवयावाली मोठ्या पातेल्याआडून ओरडली, "दोरखंड झाले त्या शेवयांचे! मी काय वस्तुसंग्रहालयात मांडायला शिजवते?"

ओयुनाने वाटीत पाहिलं. शेवया फुगून काठाला आल्या होत्या, रस्सा तळाला चालला होता. तिच्याकडे शेवया मटणात शिजत. इथे सुक्या मासळीचा वास येत होता, वर तीळ आणि काळ्या समुद्री शेवाळाचा चुरा. समुद्र तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही विमानातून. आज तो वाटीतून नाकापर्यंत आला होता. सकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा होता.

"घ्या ना, ताई."

"छे छे, तुम्ही, ताई."

ओयुनाने चमचा उचलला आणि रस्सा भुरकला.

शेवयावालीचा डाव हवेतच राहिला. दोन्ही बाजूंनी दोन चेहरे ओयुनाकडे वळले.

"किती वर्षांची गं तू?" जोम-रेबाईंनी विचारलं. आवाज असा गार, की रश्श्यावर साय धरावी.

नोकरी गेली, हे ओयुनाला कळलं. पण रस्सा घशाखाली उतरला होता, तो काही परत येणार नव्हता. आणि चांगला होता.

"तुम्ही दोघी जेवढं सांगाल," ती म्हणाली, "त्याहून एका वर्षाने मोठी."

जोम-रेबाईंनी माल-जाबाईंकडे पाहिलं, माल-जाबाईंनी वाटीकडे. मग दोघींनी एकाच क्षणी चमचे उचलले आणि वाट्या रिकाम्या होईपर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळी नोकरीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ये म्हणाल्या नाहीत, येऊ नको म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ओयुना आपली आपणच आली. झाडलं, रजया घड्या करून रचल्या. दुपार झाली तशा दोघी उठल्या आणि तिला न विचारता जेवायला निघून गेल्या. ओयुनाने काय समजायचं ते समजून घेतलं. निघायच्या तयारीने तिने पाठीवरच्या पिशवीचा बंद आवळला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून शेवयावालीची हाक सगळ्या बाजाराने ऐकली:

"अहो ओयुनाताई, या लवकर! या दोन पोरी केव्हाच्या तुमच्यासाठी खोळंबल्यात!"