आठवी फेरी

"जिभेवर ठेवा, चावू नका," असं म्हणत मयुरीनं बारावी गोळी रुख्माबाईंच्या तळहातावर ठेवली आणि घड्याळ पाहिलं. सात चाळीस.

देवळी ते कारंजा. सलग आठवा सोमवार, आठवी फेरी. प्रवासी तेच बारा, सगळे गाडी लागणारे. चघळायची ही गोळी मयुरीनं औषधनिर्माण महाविद्यालयात तीन वर्षं खपून केली होती. पहिली खेप कडू झाली, दुसरी वर्ध्याच्या उन्हात पाघळली. ही तिसरी. सात फेऱ्यांत एकही उलटी नव्हती. आज एकालाही झाली, तर औषधाचं प्रमाण बदलून आठही फेऱ्या पुन्हा. नाही झाली, तर चाचणी आजच संपणार होती.

"आजी, आज गाडीची लाज राखजो," ड्रायव्हर हेमराज म्हणाला.

"तू खड्डे पाहून चालव, मुडद्या!"

सगळे हसले. मयुरी हसली नाही. 'बस सुटली की उलटी,' असं रुख्माबाईंनी अर्जात लिहून दिलं होतं. बारा जणांत सर्वांत अवघड त्याच.

आर्वीपर्यंत सगळं ठीक होतं. मयुरी दर दहा मिनिटांनी प्रत्येकाला विचारून वहीत खूण करत होती. मग वळणं सुरू झाली. रुख्माबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मळमळतं का, आजी?"

"नाई वं पोरी. तू काऊन घाबरून राह्यली?"

कारंजा चार किलोमीटर राहिलं असताना त्या एकदम खिडकीकडे वाकल्या. मयुरी पिशवी घेऊन धावली, पण उशीर झाला होता.

मयुरीनं वेळ लिहिली.

"मायापायी तुयं नुकसान झालं ना वं?"

"असू द्या, आजी. सोमवारपासून पुन्हा सुरू करू. याल ना?"

"येईन, माय. आठही सोमवार येईन."

कारंज्यात गाडी नेहमीप्रमाणे दोन तास थांबली. "जरा मोकळ्या हवेत बसतो," म्हणून रुख्माबाई उतरल्या आणि बाजारामागच्या गल्लीत शिरल्या. त्यांच्या लेकीनं, काजलनं, दार उघडलं. तिनं मनासारखं लग्न केल्यापासून बापानं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं.

"बाबाले अजून कॉलेजचंच काम वाटते?"

"हो."

"पण आज शेवटचं ना, आई?" काजलनं आपल्या लेकीला पुढं केलं.

"आणखी आठ सोमवार हायेत." रुख्माबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. "घशात बोटं घालावी लागली. मले कधी गाडी लागली वं?"