पाकिटावरचा डोंगर

प्रफुलने कप रिकामा केला, तळाचा घोटही सोडला नाही, आणि मग म्हणाला की नाव तेवढं बदलावं लागेल.

मोहर्लीच्या त्या रिसॉर्टच्या व्हरांड्यात देवकाबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती. मांडीवर डबा होता, आणि डब्यात तिच्या गटातल्या चौदा बायांनी भाजून दळलेली तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बियांची कॉफी. तणाची कसली कॉफी, असं म्हणणाऱ्याने आधी पिऊन बघावी. प्रफुल इथला मॅनेजर. त्याने पाहुण्यांना चार दिवस ती पाजून पाहिली होती, आणि पाहुण्यांनी दुसरा कप मागितला होता. सौदा झाल्यातच जमा होता. निघताना गटातल्या रीताने तर बजावलंच होतं, "मावशी, तो काई बी म्हनो, तू हो म्हनूनच ये."

प्रफुलने छापून आणलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. वर निळे डोंगर, डोंगरांवर ढग, खाली 'उंच पर्वतावरची खास कॉफी'. देवकाबाईने अक्षराला अक्षर जोडत वाचलं.

"हा डोंगर कोनचा जी?"

"चित्र आहे, बाई."

"आमच्या गावात डोंगर नाई. पान्याची बोडी हाये."

प्रफुल हसला. माणूस वाईट नव्हता. समजुतीच्या सुरात त्याने सांगितलं, की मीही इकडचाच, चिमूरचा, पावसाळ्यात तरोट्याच्याच पाल्याची भाजी खाऊन वाढलो, म्हणूनच सांगतो. पाहुणे फोनवर नाव शोधतात. तरोटा म्हटलं की तिथे उकिरड्यावरचं तण दिसतं. तेवढं नाव झाकलं, की चौदाही जणींचा अख्ख्या हंगामाचा माल इथेच खपेल.

देवकाबाई समोर बघत राहिली. व्हरांड्यापुढे नवी हिरवळ लावायची म्हणून जमीन खणून भुसभुशीत केली होती. पावसाळाभर रिसॉर्ट बंद, तेव्हा तिथे तरोटा माजला होता. माळी इस्तारी, तिच्याच गावचा, आता तो उपटून ढीग लावत होता. शेंगा वाळून काळपटल्या होत्या. इथे कपातला पिऊन झाला, तिथे मातीतला उपटून झाला. गंमतच होती.

यंदा पाऊस महिनाभर उशिरा आला आणि तिचे धानाचे पऱ्हे रोवणीआधी वाफ्यातच पिवळे पडले. जे जगलं ते कापून शेतातल्या बांधीत पडलेलं असताना पुन्हा पाऊस आला, आणि लोंब्यांनाच कोंब फुटले. मागच्या सालीही तेच. बांधावर तरोटा मात्र कमरेइतका उभा होता. त्याला कोणी पेरत नाही, पाणी देत नाही, कोणी बघतही नाही.

"दोन सालापासून आमच्या चुलीले यानंच धरून ठेवलं," ती म्हणाली. "धानानं हात टेकले, यानं नाई टेकले. आन त्याचंच नाव पुसू म्हंता?"

"मग ऑर्डर नाही, बाई."

गावात वाट बघत बसलेल्या बाया तिच्या डोळ्यांपुढे आल्या, सगळ्यात पुढे रीता. व्यापारी कच्चं बी स्वस्तात पोत्याने उचलतो, तेवढंच आता उरणार होतं. तिने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबलं आणि उठली. पाकीट तिथेच राहिलं.

पायऱ्या उतरल्यावर इस्तारीने मान हलवूनच विचारलं. तिनेही मान हलवूनच नाही म्हटलं. मग डबा काखेत मारून तिने ढिगातला वाळल्या तरोट्याचा मोठा कवळा उचलला.

"तो कचरा कशाला नेता?" वरून प्रफुल म्हणाला.

"कचराच तं हाये, साहेब. नेतो म्हनलं."

फाटकाकडे जायला फरसबंद वाट होती. देवकाबाई त्या वाटेने गेली नाही. खणलेल्या जमिनीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ती सावकाश चालत गेली. पावलागणिक कवळा हिसडत होती. शेंगा तडतडत होत्या आणि मागे बी सांडत होतं.

प्रफुलच्या ते उशिरा लक्षात आलं. इस्तारीला त्याने ओरडून सांगितलं, ते सगळं आत्ताच्या आत्ता साफ कर.

इस्तारीने दाताळं उचललं. ती गेली त्याच रेघेने, खाली मान घालून, तो हलक्या हाताने ते फिरवत निघाला. बियांवर बोटभर माती चढत होती. तरोटा आजवर कोणी पेरला नव्हता.